विसाव्याचं श्रेय

बारावीची परीक्षा तोंडावर आली किंवा घरातली पैशाची ओढाताण कळू लागली, की सोळा-सतरा वर्षांच्या पोराला कुणीतरी सांगतंच, "एक झुरका मार, डोकं हलकं होईल." आष्टी तालुक्यातलं कडा हे अशा पोरांचं गाव आहे. अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा-कॉलेजांमुळे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची मुलं इथे शिकायला येतात. या भागातले कित्येक आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यातच परततात. मधले महिने मुलगा आजीजवळ नाहीतर खोलीवर राहतो, आणि भरतीचा, नीटचा किंवा बारावीचा अभ्यास करतो. या मुलांच्या मनावरचा ताण खरा आहे, त्याला लाड किंवा थेर म्हणणारा माणूस आष्टी तालुका ओळखतच नाही. प्रश्न आहे तो त्या ताणावर सांगितल्या जाणाऱ्या इलाजाचा. धुराने मन हलकं होतं ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती अनुभवातूनच आली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात दख्खनमध्ये तंबाखूला जेमतेम सव्वाचारशे वर्षं झाली, आणि सिगारेट म्हणजे ताणावरचा उतारा ही कल्पना तर शंभरेक वर्षांची आहे. ती कशी रुजली हे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते: लोकांना जो आराम मिळत होता तो मिळत होता दुसऱ्याच गोष्टीतून, आणि श्रेय मात्र तंबाखूने घेतलं.

तंबाखू आणली पोर्तुगीजांनी. ती उत्तरेत पोचली ती आपल्या दख्खनमार्गे. अकबराचा सरदार असद बेग 1604 च्या सुमारास विजापूरला आला होता, शाहजादा दानियालशी ठरलेल्या आदिलशाही राजकन्येच्या लग्नाच्या कामासाठी. दानियालने चार वर्षांपूर्वीच नगरचा किल्ला जिंकला होता. विजापुरात असद बेगने तंबाखू पहिल्यांदा पाहिली आणि जडावाचा सुंदर हुक्का करवून तो बादशहापुढे ठेवला. त्याने लिहून ठेवलेला प्रसंग आजही वाचण्याजोगा आहे. अकबराने दोन-चार झुरके घेतले तेव्हा दरबारी हकिमाने हरकत घेतली. या वस्तूची आपल्या वैद्यकाला माहिती नाही, पारखल्याशिवाय ती बादशहाला कशी द्यायची, असं त्याचं म्हणणं होतं. असद बेगचं उत्तर असं, की फिरंग्यांमध्येही जाणते लोक आहेत, त्यांनी पारखल्याशिवाय ती घेतली नसणार. पुढे अकबराला काही ती वस्तू लागली नाही, पण उमरावांनी मागून मागून नेली, व्यापारी विकू लागले, आणि 1617 मध्ये जहांगीरने मनाईहुकूम काढला तोवर उशीर झाला होता. हकिमाचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. मोठी माणसं घेतात म्हणजे त्यात काहीतरी असेल, या एका तर्कावर तंबाखू दरबारात शिरली. आजही ती कोवळ्या पोरांपर्यंत याच तर्काने पोचते.

दरबारातून ती रानात उतरली तेव्हा तिचं रूप पालटलं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची चिलीम म्हणजे मातीची बोटभर लांब नळी. तळाशी खडा टाकायचा, वर चुरलेली तंबाखू, त्यावर विस्तवाचा इंगळ. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची, दोन्ही हातांची ओंजळ करून ओढायची आणि शेजारच्याकडे द्यायची. दिवस उगवायच्या आत मोट सुरू झालेली असायची, औताचे बैल दुपारी सुटायचे, मग माणसं झाडाखाली टेकायची. चिलीम फिरत असेपर्यंत बसलेल्या गड्याला "ऊठ" म्हणायची रीत नव्हती. त्या घटकेत पाठ टेकायची, घाम वाळायचा, पावसापाण्याचं बोलणं व्हायचं, कुणाच्या घरी काय अडलंय ते कळायचं. (ही चिलीम सर्वांच्या हाती जात नसे, जातीची रेघ तिच्यावरही ओढलेली होती, हेही सांगायला हवं.) बाईमाणसाची मिश्री अशीच. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू बोटावर घेऊन पहाटे उंबऱ्याशी बसलेल्या बाईला त्या वेळेपुरतं कुणी काम सांगत नसे. दिवसभरातली तिच्या हक्काची घटका बहुधा तेवढीच. ज्या समाजात कष्टकऱ्याला कारण दिल्याशिवाय बसता येत नव्हतं, तिथे तंबाखू हे बसायचं कारण झालं. आराम दिला सावलीने, सोबतीने, टेकलेल्या पाठीने. आठवणीत मात्र राहिली ती चिलीम, कारण दर वेळी हातात तीच असायची.

विडीने हे सगळं बदललं. 1899 च्या मोठ्या दुष्काळात गुजरातेतून बाहेर पडलेल्या व्यापाऱ्यांनी मध्य भारतातल्या तेंदूच्या जंगलांजवळ विडीचा धंदा वाढवला. रेल्वे होती, त्यामुळे पानही आलं आणि मालही गेला. महाराष्ट्रात गोंदिया, सिन्नर, संगमनेर, सोलापूर आणि कड्याला सगळ्यांत जवळचं नगर ही विडीची गावं झाली. नगर-सोलापुरात हे काम मुख्यतः पद्मशाली घरांतल्या बायकांनी केलं. मांडीवर सूप, भिजवलेलं पान, त्यावर ठेवायचा पत्र्याचा तुकडा, त्या मापाने कात्रीने कापायचं, चिमूटभर जर्दा भरून वळायचं, तोंड दुमडायचं, बुडाला दोरा बांधायचा. हजार विड्या वळल्या की हजाराचा दर. एका विडीला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला तर दिवस पुरत नाही. कामाच्या तासांचा, रजेचा हक्क त्यांना 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने कागदावर दिला, हाताला फार थोडा लागला. आपला विषय तो नाही, पण दुसऱ्याच्या विसाव्याची वस्तू वळणाऱ्या बाईला स्वतःला विसावा नव्हता हे नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. आष्टी तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात होता, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. पलीकडे नगर जिल्ह्यात इंग्रजांचा अंमल. त्या बाजूने विडी येई, तर हैदराबादेत वझीर सुलतान कंपनीची चारमिनार सिगारेट तयार होत होती. दोन्ही वस्तूंचा गुण एकच होता, त्या खिशात मावत. चिलमीला विस्तव लागे, जागा लागे, माणसं लागत. विडी-सिगारेटला काडीपेटी पुरते. सावली गेली, सोबत गेली, आणि ज्याला एरवी "काय झालं रे?" असं विचारणारं कुणी मिळालं असतं, तो भिंतीआड एकटा ओढू लागला. चिलमीची कीर्ती विडीला आयती मिळाली, चिलमीतला विसावा मात्र तिच्यात उतरला नाही.

उरलेलं काम जाहिरातीने आणि सिनेमाने केलं. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्याबरोबर सिगारेटी गेल्या, आणि खंदकातून परतलेल्या तरुणांबरोबर घरोघर आल्या. 1930 च्या दशकात अमेरिकी कंपन्या 'नसा शांत ठेवणारी सिगारेट' अशा जाहिराती उघडपणे करत होत्या. आपल्याकडे 1961 च्या 'हम दोनों'मधला देव आनंद, साहिरचे शब्द आणि रफीचा आवाज यांनी काळज्या धुरात उडवून देणारा जवान दोन-तीन पिढ्यांच्या मनात बसवला. गाणं सुंदर आहे, म्हणूनच ते इतकं खोल गेलं. शास्त्राचा शिक्काही पैसे मोजून मिळवण्यात आला. ताण या कल्पनेला वैद्यकात रूढ करणारे हान्स सेल्ये यांना तंबाखू कंपन्यांनी अनेक वर्षं पैसा पुरवला. 1969 मध्ये त्यांनी कॅनडाच्या संसदीय समितीपुढे सिगारेटवरच्या निर्बंधांविरुद्ध साक्ष दिली, आणि धूम्रपान हा ताणावरचा उपाय म्हणून मांडावा असं त्यांचं कंपन्यांना सांगणं होतं. न्यायालयीन खटल्यांमुळे कंपन्यांची कागदपत्रं खुली झाली तेव्हा हा व्यवहार उजेडात आला. कड्याच्या चहाच्या टपरीवर एक मुलगा दुसऱ्याला जे सांगतो, त्यामागे एवढा मोठा पैसा उभा आहे याची त्याला कल्पनाही नसते.

यावर कुणी म्हणेल, इतिहास काहीही असो, झुरका घेतला की बरं वाटतं हे तर खरं आहे? खरं आहे, आणि ते नाकारून चालणार नाही. ओढणाऱ्याला बरं वाटतं. पण कशामुळे, ते पाहायला हवं. धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे ते सुखाची लहर उठवतं आणि त्याच वेळी नाडीचे ठोके वाढवतं, रक्तदाब चढवतं. हे उत्तेजक आहे, शामक नाही. साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, आणि सवय लागलेल्या मेंदूला ते जाणवू लागतं. चिडचिड होते, हात अस्वस्थ होतात, पुस्तकातली ओळ दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. यालाच तलफ म्हणतात. पुढचा झुरका ही तलफ शमवतो, म्हणून हायसं वाटतं. म्हणजे पहिल्या सिगारेटने डोक्यावर चढवलेलं ओझं दुसरी सिगारेट दोन तासांसाठी उतरवते. न ओढणाऱ्या मुलाच्या डोक्यावर ते ओझं नसतंच. अँडी पॅरट या मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये तोवरचे अभ्यास तपासून दाखवलं, की किशोरवयीन मुलं नियमित ओढू लागली की त्यांचा ताण वाढत जातो. 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 26 अभ्यासांचा एकत्र आढावा आला. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण हे तिन्ही, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले. औषध बंद केल्यावर दुखणं हटत असेल, तर त्याला औषध कसं म्हणायचं? किशोरवयात हा धोका दुप्पट गंभीर आहे, कारण विचार आणि आवर यांची मेंदूतली घडण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या कच्च्या घडणीत निकोटिन शिरलं तर ते तिथेच घर करतं.

दुसरा आक्षेप घरातलाच असतो. आजोबांनी जन्मभर विडी ओढली आणि ऐंशी वर्षं जगले. जगले असतील. पण गेलेले आजोबा या गणतीत येत नाहीत. ते दम्याने गेले, खोकल्याने गेले, क्षयाने गेले असं घरात सांगितलं जातं, विडीचं नाव कुणी घेत नाही. चेन्नईत झालेल्या आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष असा, की भारतात क्षयाने मरणाऱ्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांच्या मृत्यूचं कारण धूम्रपान आहे. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारयाद्या हाती घेऊन दीड लाखाच्या आसपास माणसं नोंदवली आणि वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. विडी ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या दीडपटीहून जास्त निघालं, सिगारेटपेक्षाही वरचढ. विडी पानाची, म्हणजे देशी आणि सौम्य, ही समजूत तिथेच कोसळते. विडी सारखी विझते, म्हणून तिला ओढ जास्त द्यावी लागते आणि धूर खोल जातो.

महाराष्ट्रात धूर ओढतं तरी कोण, असंही विचारलं जाईल. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले प्रौढ धूम्रपानी 3.8 टक्केच निघाले. त्याच पाहणीत मळून, चघळून किंवा दातांना लावून तंबाखू घेणारे 24.4 टक्के होते. तलफेबद्दल जे सांगितलं ते मिश्री, गायछाप आणि 2012 पासून राज्यात बंदी असूनही मिळणाऱ्या गुटख्यालाही लागू आहे. निकोटिन तेच, तलफ तीच. उलट 3.8 टक्क्यांचा आकडा सांगतो की इथे सिगारेट न ओढणं हीच रीत आहे, तेव्हा न ओढणारा मुलगा चारचौघांत वेगळा पडतो ही भीती निराधार आहे. "एखाददुसरी घेईन, मग सोडेन" हा हिशेब मात्र फार धोक्याचा. देशातल्या 13 ते 15 वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या 2019 च्या पाहणीत 8.5 टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती, आणि विडी ओढणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी सुरुवात दहा वर्षांचे होण्याआधीच केली होती. यातल्या कुणीच जन्मभराचं व्यसन म्हणून पहिला झुरका घेतलेला नसणार.

एखाददुसरीची ही सोय सुट्या विक्रीने केली. पाकिटावर 2016 पासून 85 टक्के जागेत कर्करोगाचं चित्र आणि इशारा असतो, सुट्या सिगारेटवर काहीच नसतं, आणि मुलाच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात, एकीचे असतात. म्हणून सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी केली. 2003 च्या कायद्याने अठराच्या आतल्याला तंबाखू विकणं आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणं गुन्हा आहे. 2015 च्या बालन्याय कायद्यात मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. टपरीवाल्याच्या पोटाचं काय, हा प्रश्न रास्त आहे, पण त्याच गाड्यावर चहा, बिस्किटं, वह्या-पेनं विकता येतात, आणि अभ्यासाला कंटाळून खोलीबाहेर पडलेल्या मुलाला खरं तर तेच हवं असतं: चार पावलं चालणं, मोकळी हवा, कपभर चहा, आणि दोन शब्द बोलायला सोबती. झाडाखालच्या चिलमीभोवती जे होतं ते एवढंच होतं, आणि त्यासाठी विस्तवाची गरज कधीच नव्हती. ज्याला सवय लागलीच आहे त्याच्यासाठी 1800-112-356 ही तंबाखू सोडवणारी मोफत सरकारी दूरध्वनी सेवा आहे, आणि मनावरचा भार असह्य झाला तर 14416 वर टेलिमानसचा समुपदेशक भेटतो. कड्याच्या प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी हे दोन आकडे रंगवायला एक डबा रंग पुरेल.