धुरा आणि जोखड : खानदेशातील ओढीचा इतिहास

मराठीत नेतृत्वाची ‘धुरा’ सांभाळली जाते, विद्वान ‘धुरंधर’ असतो, समाजाला ‘धुरीण’ असतात. गुलामगिरीचे मात्र ‘जोखड’ असते, आणि ते झुगारायचे असते. वस्तुतः धुरा काय, जोखड काय, दोन्ही शब्दांचे मूळ बैलाच्या मानेवर टेकणाऱ्या लाकडातच आहे. एकच लाकूड एका शब्दात सन्मान आणि दुसऱ्यात अवमान कसे ठरले, हा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो तेव्हा उत्तर कोशात शोधले जाते. आमच्या मते ते खानदेशच्या रस्त्यांवर अधिक स्पष्ट सापडते.

खानदेश म्हणजे तापीचे खोरे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्री. काळ्या मातीत कापूस उदंड. परंतु मुंबईच्या वाटेने तो बाहेर न्यायचा तर घाट चुकत नाही. फार काळ ही वाहतूक लमाणांच्या तांड्यांनी केली. तेथे ओझे थेट बैलाच्या पाठीवर असे. गाडी आली आणि ओझे चाकांवर गेले. पाठीवर वाहण्यापेक्षा कितीतरी अधिक माल जोडी ओढू लागली. पण सगळेच वजन चाकांवर जात नाही. थोडा भार दांडीतून जुवावर उतरतो, आणि गाडीवानाचे सारे शास्त्र या ‘थोड्या’त असते. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला की माना दबतात, खांदे सोलतात. म्हणून माल किती भरला याइतकेच तो कोठे भरला यालाही महत्त्व असते. आज मोटारीमागे ट्रेलर जोडणाऱ्यालाही हाच हिशेब करावा लागतो.

मालेगाव, धुळे, शिरपूरवरून सेंधव्याकडे जाणारा मुंबई-आग्रा रस्ता हा या गाड्यांचा राजमार्ग. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव भडकले. त्याच सुमारास, १८६५ साली, थळ घाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला. त्याची चढण ३७ फुटांस एक फूट. या चढणीवर एकट्या इंजिनाचे भागेना, म्हणून मागून ढकलणारी जादा इंजिने जोडण्याची पद्धत पडली. गाडीवानाला घाटाच्या पायथ्याशी जे ठाऊक होते तेच लोखंडालाही मान्य करावे लागले : ओढण्याची ताकद सपाटीवर मोजायची नसते. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. रेल्वेने लांब पल्ला घेतला; शेत ते जिन आणि जिन ते स्टेशन हा पल्ला गाडीकडेच राहिला.

चढणीपेक्षा उतार अवघड. चढताना बैल गाडीला ओढतात. उतरताना गाडीच बैलांना ढकलू लागते. चाळीसगाव-कन्नड मार्गावरील औट्रम घाट ही गोष्ट मोटारयुगातही शिकवत राहिला. २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या घाटातून जड वाहनांना बंदी केली.

कायद्यानेही बैलाचा भार मोजला आहे. ओझे ओढणाऱ्या व वाहणाऱ्या जनावरांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६५ च्या नियमांनी वजनाच्या मर्यादा बांधल्या. हवेच्या टायरांच्या गाडीस साध्या चाकांच्या गाडीपेक्षा अधिक भार मंजूर केला. किलोमीटरभर सलग चढण असून ती तीस मीटरांत तीन मीटरांहून अधिक असेल, तर भार निम्मा. पारा ३७ अंशांवर जातो अशा भागात दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये. उन्हाळ्यात चाळीस अंश सहज ओलांडणाऱ्या जळगाव-धुळ्यात हा नियम अक्षरशः पाळायचा तर दुपारचा रस्ता रिकामाच दिसायला हवा.

तो रिकामा का नसतो, याचे उत्तर क्रौर्यात शोधणे सोपे आहे. आम्हांस ते अपुरे वाटते. टायरगाडीचे उदाहरण घ्यावे. ऊसतोडीच्या हंगामात खानदेशातून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे जातात. ज्यांच्याकडे बैलजोडी असते, त्यांचा संसार गाडीवरच लादलेला असतो आणि फडावर त्याच गाडीत ऊस भरला जातो. टायरांमुळे ओढ हलकी झाली खरी. पण मजुरी टनावर मिळते. हलक्या झालेल्या ओढीचा फायदा बैलाला न मिळता वजनकाट्याला मिळाला. उचल फेडायची असलेला माणूस गाडी कमी भरणार नाही. त्या गाडीत जू बैलाच्या मानेवर दिसते. गाडीवानाच्या मानेवरचे दिसत नाही, इतकेच.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या कवितेत बैलजोडी आणि पोळा यांना मानाचे स्थान आहे. त्या जगात पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदेमळणी होते : जू टेकते तोच खांदा हळद-तुपाने चोळायचा. या विधीत भाबडेपणा पाहणाऱ्यांना आम्ही एवढेच सुचवू की तो वर्षाचा ताळेबंदही आहे. कोणाच्या खांद्यावर किती पडले हे डोळ्यांनी नव्हे, हाताने तपासले जाते. घट्टा, जखम, सूज सारे बोटांना कळते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. भार ठरवणारा हात जेव्हा खांदा चाचपून पाहतो, तेव्हा लाकूड धुरा असते. भार ठरवणारा दूर बसून केवळ काट्यावरचा आकडा पाहतो, तेव्हा तेच लाकूड जोखड होते. भाषेने दोन्ही शब्द जपले आहेत. कोणता कोठे लावायचा हे मात्र खांदा पाहूनच ठरवावे लागेल.