तुक्कड्याची कुळकथा

चेन्नईत डिसेंबरात कुणी गाणं ऐकून घरी परतलं की पहिला प्रश्न ठरलेला: आज मुख्य राग कोणता झाला? त्याचं उत्तर तोडी, कांभोजी असं एका शब्दात देता येतं. मग दुसरा प्रश्न येतो: तुक्कडा काय काय गायले? या उत्तराला वेळ लागतो, कारण सांगणारा सांगता सांगता गुणगुणायला लागतो.

हा तुक्कडा म्हणजे आपला तुकडाच. कर्नाटक संगीताच्या मैफलीत वर्णम होतं, चारसहा कृती होतात, एखादा राग सविस्तर मांडला जातो, मृदंगमवाल्याचं तनि आवर्तनम म्हणजे एकट्याचं वादन होतं, कधी रागम-तानम-पल्लवीही होते. हे सगळं जड सामान उतरवून झालं की शेवटच्या अर्ध्यापाऊण तासात छोट्या रचना येतात: पदम, जावळी, तिरुप्पुगळ, एखादं भजन, तिल्लाना. त्यांतली प्रत्येक रचना म्हणजे एक तुक्कडा. आपल्या तबल्यातल्या किंवा कथकातल्या तुकड्याशी तिचा संबंध नाही. तो बोलांचा बांधलेला ऐवज असतो, हे अख्खं गाणं.

तमिळमध्ये हा शब्द मैफलीपुरता राहिलेला नाही. सिनेमातल्या किरकोळ भूमिकेला तिथे तुक्कडा भूमिका म्हणतात आणि खाऱ्या शंकरपाळीसारख्या तळलेल्या खाऊलाही तुक्कडाच. लहान, सुटं, तोंडात टाकण्याजोगं, एवढा अर्थ सगळीकडे टिकून आहे.

आता हा शब्द मराठीच कशावरून? हिंदीतही तो आहे की! पण हिंदीत तो ‘ट’ने सुरू होतो: टुकड़ा. मराठीत ‘त’ने. तमिळ तुक्कडाही ‘त’नेच सुरू होतो. तमिळला परक्या शब्दाच्या आरंभी ‘ट’ चालत नाही असं नाही, ‘डब्बा’ तिथे ‘टप्पा’ होऊन सुखाने नांदतो. म्हणजे ‘त’ आला तो शब्दाबरोबरच आला. दख्खनी बोलीचा हात त्यात असू शकेल, पण तीही मराठीच्या शेजारीच वाढलेली. दुसरा साक्षीदार याहून पक्का आहे. कर्नाटक मैफलीलाच तमिळमध्ये ‘कच्चेरी’ म्हणतात. हिंदीत ‘कचहरी’, मराठीत ‘कचेरी’. मधला ‘ह’ गाळलेलं रूप तमिळने उचललं. गाण्याच्या कार्यक्रमाला ‘पाट्टुक्कच्चेरी’, म्हणजे शब्दशः गाण्याची कचेरी. आपल्याला हसू येतं, कारण आपल्या कचेरीत फायली असतात. पण आपण तरी ‘गाण्याची बैठक’ म्हणतोच. चार माणसं रीतीने बसली की कामाची कचेरी होते आणि गाण्याचीही.

हे शब्द तिकडे गेले कसे, याचा रस्ता तंजावरातून जातो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरात भोसल्यांची गादी स्थापली. ती १८५५ पर्यंत चालली. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर, श्यामा शास्त्री ही कर्नाटक संगीतातली त्रिमूर्ती याच राज्यात जन्मली. दरबाराचे कागद मोडीत लिहिले जात, राजे मराठीत, तेलुगूत, संस्कृतात नाटकं रचत. सांबाराचं नाव संभाजीवरून पडल्याची गोष्ट आपण चवीने सांगतो. ती ऐकीव आहे. तुक्कडा आणि कच्चेरी यांना अशा गोष्टीची गरज नाही, ते रोज संध्याकाळी चेन्नईत कुणाच्या तरी तोंडी असतात.

शब्दांच्या जोडीने आणखी एक गोष्ट गेली: कीर्तन. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवांसारखे कीर्तनकार तंजावरात चातुर्मास करत. त्यांची कीर्तनं ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ मुलखातली हरिकथा नव्याने घडवली. तिथल्या कथेत पंचपदी आली, निरूपण आलं, साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद आले, आणि तमिळ कथेकरी ती नावंही तशीच वापरू लागले. गंभीर निरूपण चाललेलं असताना मध्येच एक चटकदार चाल टाकायची आणि पेंगणाऱ्या श्रोत्याला जागं करायचं, ही बुवांची युक्ती. मैफलीतला तुक्कडा नेमकं हेच काम करतो.

१८५५ नंतर तंजावरचा आश्रय आटला आणि कलावंतांनी मद्रासची वाट धरली. तिथे राजा नव्हता, पण वकील, कारकून, व्यापारी होते. त्यांनी वर्गणी काढून ‘सभा’ सुरू केल्या. डिसेंबर १९२७ मध्ये मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली आणि तिच्यातून १९२८ साली म्युझिक अकादमी उभी राहिली. डिसेंबरचा ‘सीझन’ तिथपासून. पण वर्गणी देणारा श्रोता राजासारखा रात्रभर बसणारा नव्हता. पल्लवीवर दोन दोन तास घालवणाऱ्या जुन्या मैफली त्याला पेलेनात. त्याची नाडी अरियकुडी रामानुज अय्यंगार (१८९०–१९६७) यांनी ओळखली. आधी वर्णम, मग आटोपशीर कृती, मध्ये एक मोठा राग आणि अखेरीस तुक्कडे, अशी जी घडी त्यांनी बसवली ती आजही मोडलेली नाही. तुक्कडा हा शब्द जुना असेल, पण मैफलीत त्याला हक्काची जागा मिळाली ती इथे.

आणि या जागेत श्रोता शिरला. मैलापूरच्या किंवा त्यागरायनगरच्या एखाद्या सभेत बसून पाहा. तनि आवर्तनम सुरू झालं की काही मंडळी उठून कँटीनकडे जातात. राहिलेल्यांतली एखादी मामी पिशवीतून कागदाचा कपटा काढते, त्यावर चार शब्द लिहिते आणि पुढच्या रांगेतल्या खांद्यावर टकटक करते. चिठ्ठी हातोहात व्यासपीठाशी पोचते. गायक वाचतो, हसतो, व्हायोलिनवाल्याला दाखवतो. मुख्य राग कोणता गायचा हे गायकच ठरवतो, तिथे चिठ्ठी चालत नाही. तुक्कडा मात्र श्रोत्याचा. आपल्याकडे संगीत नाटकात हीच हौस ‘वन्समोअर’ ओरडून भागवली गेली. मद्रासकर ओरडत नाही, लिहून पाठवतो. पण वन्समोअरमध्ये आत्ताच ऐकलेलं पुन्हा मागतात आणि चिठ्ठीत घरून मनात घोळवत आणलेलं. मामीला काय आवडतं हे त्या संध्याकाळी सगळ्या सभागृहाला कळतं, आणि नको असलं तरी ऐकावंही लागतं. आवडीचं गाणं दुसऱ्याला ऐकवायची याहून सोपी सोय माझ्या पाहण्यात नाही. रेडिओने पुढे हेच घरोघरी नेलं. आपल्या ‘आपली आवड’चा तिकडचा भाऊ म्हणजे ‘नेयर विरुप्पम’, श्रोत्यांची पसंती.

जे मुख्य भागाला वर्ज्य ते तुक्कड्यात खपून जातं. मदुरै मणी अय्यर इंग्रजी बँडच्या धाटणीची ‘नोट’ गात. हरिकेशनल्लूर मुत्तय्या भागवतरांची ती रचना, आणि श्रोते तिच्यासाठी हटून बसत. ऑक्टोबर १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात गायल्या. अखेरीस त्यांनी कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेलं ‘मैत्रीं भजत’ हे संस्कृत गीत म्हटलं. त्याची चाल वसंत देसाईंची, म्हणजे कुडाळकडच्या, ‘अमर भूपाळी’ला संगीत देणाऱ्या आपल्या माणसाची.

आणि अभंग. हरिकथेतून आणि भजनमंडळ्यांतून तो तमिळ मुलखात टिकून होताच. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांनी नामदेवांचा विठ्ठल चेन्नईच्या व्यासपीठावर असा आणला की श्रोते चिठ्ठीवर ‘अभंग’ एवढंच लिहून पाठवू लागले. मुंबईतच लहानाच्या मोठ्या झालेल्या रंजनी-गायत्री या बहिणींनी ती मागणी आणखी वाढवली. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना मराठी येत नाही. ‘ळ’ मात्र त्यांचा पक्का असतो, कारण तो तमिळमध्येही आहे.

तेव्हा डिसेंबरात चेन्नईला गेलात तर तनि आवर्तनम सुरू होताच कँटीनकडे पळू नका. वडा संपला तर पुढच्या सभेत मिळेल. बसून राहा, खिशात कागद-पेन ठेवा आणि हवा तो अभंग मागा. मंगळम, म्हणजे समारोपाची रचना, सुरू होण्याच्या आत चिठ्ठी पुढे पोचली पाहिजे, कारण मंगळम झालं की कचेरी उठते.