नवऱ्याच्या कार्डावर अडकलेलं रेशन : एकट्या आईनं स्वतःच्या नावाचं कार्ड कसं काढायचं?

नवरा वारला, सोडून गेला, घटस्फोट झाला किंवा त्रासाला कंटाळून बाई लेकरं घेऊन माहेरी आली, की पहिला प्रश्न चुलीचा असतो. रेशन दुकानात गेलं तर उत्तर मिळतं, "तुमचं नाव इथल्या कार्डात नाही." तहसीलमध्ये गेलं तर सांगतात, "आधी सासरच्या कार्डातून नाव कमी करून आणा." आणि सासरचे म्हणतात, "कार्ड देत नाही, काय करायचं ते कर."

या फेऱ्यांमध्ये महिने जातात, आणि तोवर त्या आईच्या व मुलांच्या नावाचं धान्य बहुतेक वेळा सासरच्या घरी उचललं जात असतं. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. आई आणि दोन मुले म्हणजे महिन्याला १५ किलो, वर्षाला १८० किलो. कार्डातील कोणत्याही एका सदस्याने अंगठा लावला की सगळ्यांचे धान्य उचलता येते, म्हणून हे लवकर लक्षातही येत नाही.

कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. या कायद्याच्या कलम १३ नुसार पात्र कुटुंबातील १८ वर्षे पूर्ण झालेली सर्वांत मोठी महिला हीच रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख असते. त्यात लग्नाची अट नाही. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित किंवा लग्न न झालेली आई वेगळी राहत असेल आणि तिची चूल वेगळी असेल, तर ती स्वतःच्या कुटुंबाची प्रमुख ठरते. "घरात पुरुष नाही, कार्ड कुणाच्या नावानं काढणार?" असा प्रश्न कोणी विचारला तर हे कलम सांगावे.

आधी कार्डाचा प्रकार बघा

नाव कुठून कुठे न्यायचे हे ठरवण्याआधी दोन्हीकडची, म्हणजे सासरची आणि माहेरची कार्डे कोणत्या प्रकारची आहेत ते पाहावे. नुसता रंग बघून भागत नाही, आतला शिक्का महत्त्वाचा असतो.

• अंत्योदय : कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य. माणसे तीन असोत की आठ, धान्य तेवढेच. शिवाय कार्डामागे १ किलो साखर सवलतीच्या दरात.

• प्राधान्य कुटुंब : माणशी ५ किलो. ग्रामीण भागात त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार रुपये, तर शहरी भागात ५९ हजार रुपये आहे.

• शिक्का नसलेले केशरी कार्ड : कार्ड असते, पण अन्न सुरक्षेचे धान्य मिळत नाही. मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांत अशा कार्डांवरील शेतकरी कुटुंबांसाठी धान्याऐवजी खात्यात रोख रक्कम देण्याची योजना आहे.

• पांढरे कार्ड : यावर सवलतीचे धान्य नाही.

प्रत्येक कार्डाला १२ अंकी ऑनलाइन नंबर असतो. कार्डात कोणाकोणाची नावे आहेत आणि महिन्याला किती धान्य मंजूर आहे ते 'मेरा राशन' ॲपमध्ये दिसते. नंबर माहीत नसेल तर तिथे स्वतःच्या आधार क्रमांकावरून शोधता येते. सासरचे कार्ड हातात नसले तरी आपले नाव कुठे आहे, हे यातून कळते.

तीन रस्ते, प्रत्येकाचा हिशेब वेगळा

१. नाव आहे तिथेच ठेवून दुसऱ्या दुकानात धान्य घेणे

'एक देश एक रेशनकार्ड' योजनेमुळे अन्न सुरक्षेच्या कार्डातील कोणताही सदस्य राज्यातल्या किंवा देशातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य घेऊ शकतो. त्यासाठी नाव बदलावे लागत नाही, अर्जही करावा लागत नाही. १२ अंकी नंबर किंवा आधार क्रमांक सांगावा लागतो. माहेरी नुकत्याच आलेल्या बाईसाठी हा सगळ्यांत लवकरचा उपाय आहे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या महिलांनाही तो उपयोगी पडतो.

अडचण एकच. कार्डाचा कोटा सामाईक असतो. सासरच्यांनी महिन्याच्या सुरुवातीलाच सगळे धान्य उचलले, तर दुकानदाराच्या मशीनवर शिल्लक शून्य दिसते. त्यामुळे हा उपाय तात्पुरता समजावा.

२. माहेरच्या कार्डात नाव घालणे

आई-वडिलांचे कार्ड प्राधान्य कुटुंबाचे असेल तर नावे वाढल्यावर माणशी ५ किलो वाढू शकतात. पण कार्ड अंत्योदयचे असेल तर नीट विचार करावा, कारण तीन तोंडे वाढली तरी धान्य ३५ किलोच राहते. माहेरचे कार्ड बिनशिक्क्याचे केशरी असेल तर नाव घालूनही धान्य येत नाही. अनेक महिलांची फसगत इथेच होते : सासरच्या प्राधान्य कार्डातून नाव कमी होते, माहेरच्या केशरी कार्डात चढते, आणि होते ते धान्यही जाते.

३. स्वतःच्या नावाने वेगळे कार्ड

चूल वेगळी असेल तर हा पक्का रस्ता. माहेरच्याच घरात एका खोलीत राहून स्वयंपाक वेगळा होत असेल, तरी तसा अर्ज करता येतो. चौकशीला आलेल्या कर्मचाऱ्याला वेगळी चूल, वेगळा गॅस किंवा वेगळा संसार दाखवता यायला हवा.

अर्ज कुठे, कोणता?

तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत अर्ज द्यायचा. नवीन कार्डासाठी नमुना १, नाव वाढवण्यासाठी नमुना ८ आणि नाव कमी करण्यासाठी नमुना ९ आहे. अन्न, नागरी पुरवठा विभागाच्या 'महाफूड' संकेतस्थळावरूनही अर्ज भरता येतो. सेतू केंद्रात किंवा आपले सरकार केंद्रात भरून घेतला तर पावती मागावी.

सोबत लागणारे कागद :

• स्वतःचे आणि मुलांचे आधार कार्ड. आधार नसलेल्या लहान मुलासाठी जन्मदाखला, आणि आधारची नोंदणीही लगेच करून घ्यावी.

• तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.

• राहण्याचा पुरावा : घरपट्टीची पावती किंवा वीजबिल. घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचे संमतीपत्र.

• जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, किंवा त्यासाठी केलेल्या अर्जाची पोच.

• बँक पासबुकाची झेरॉक्स आणि फोटो.

• विधवा असल्यास पतीचा मृत्यू दाखला, घटस्फोट झाला असल्यास न्यायालयाच्या आदेशाची प्रत.

आधारवर सासरचे आडनाव आणि बाकी कागदांवर माहेरचे, असे असेल तर अर्ज तिथेच अडकतो. आधी सगळीकडे एकच नाव करून घेतलेले बरे.

परित्यक्तेकडे कागदच नसतो, मग?

सर्वांत जास्त हेलपाटे सोडून दिलेल्या बायकांना पडतात. मृत्यू दाखला नाही, घटस्फोटाचा आदेश नाही. अशा वेळी स्वयंघोषणापत्रात कधीपासून वेगळी राहते, कुठे राहते, मुले कोणाजवळ आहेत हे साध्या शब्दांत लिहावे. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, मुलांच्या शाळेचा बोनाफाईड दाखला, पोटगीच्या अर्जाची किंवा पोलीस तक्रारीची प्रत असेल तर तीही जोडावी. मुले याच गावच्या शाळेत किंवा अंगणवाडीत जातात हे दाखवणारा कागद चौकशीत कामी येतो.

सासरचे कार्डच देत नाहीत

मूळ कार्ड हातात नाही म्हणून गप्प बसू नये. १२ अंकी नंबर लिहून तहसीलदारांच्या नावाने साधा अर्ज करावा : "मी व माझी मुले या कार्डात आहोत, आम्ही या तारखेपासून तिथे राहत नाही, मूळ कार्ड सासरच्या ताब्यात आहे. चौकशी करून आमची नावे कमी करावीत व नवीन कार्ड द्यावे." सासर दुसऱ्या तालुक्यात असेल तर तो अर्ज तिथल्या तहसील कार्यालयात द्यावा लागतो आणि त्याची प्रत आपल्या तालुक्यात.

एक काळजी घ्यावी : नाव कमी करण्याचा आणि नवीन कार्डाचा अर्ज शक्यतो एकाच वेळी द्यावा. आधी नाव कमी केले आणि पुढचा अर्ज सहा महिन्यांनी दिला, तर मधल्या काळात कुठूनच धान्य मिळत नाही.

मारहाण किंवा छळ असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खालील संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येते. तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना मोफत वकील मिळतो. महिलांसाठी त्यात उत्पन्नाची अट नाही.

"कार्ड निघालं, पण धान्य येत नाही"

हे अनेक गावांतले दुखणे आहे. कारण असे की महाराष्ट्रात अन्न सुरक्षेच्या लाभार्थ्यांची संख्या सुमारे ७ कोटींवर ठरलेली आहे. त्यातून प्रत्येक तालुक्याला ठराविक आकडा मिळतो. त्याला इष्टांक म्हणतात. हा आकडा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. इष्टांक भरला असेल तर नवीन कार्ड मिळते, पण धान्याचा शिक्का बसत नाही.

तरीही "इष्टांक संपला" या तोंडी उत्तरावर परत फिरू नये. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी, म्हणजे जागा रिकामी झाल्यावर विचार करताना नाव समोर राहते. गावात मयत झालेल्यांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची, बाहेरगावी स्थायिक झालेल्यांची नावे वगळली की जागा होते. लाभार्थ्यांची यादी कायद्याने सार्वजनिक आहे. ग्रामसभेत तिचे वाचन मागता येते.

अंत्योदयच्या निकषांत आधार नसलेल्या विधवा आणि एकट्या महिला यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्यांना मिळकतीचे खात्रीचे साधन नाही, त्यांनी अर्जात "अंत्योदयमध्ये समावेश करावा" असे वेगळे वाक्य लिहावे.

दुकानात हे लक्षात ठेवा

• अंत्योदय आणि प्राधान्य कार्डावरचे गहू-तांदूळ मोफत आहेत. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ही योजना वाढवली आहे. हमाली, भाडे अशा नावाने पैसे द्यायची गरज नाही.

• मशीनमधून निघालेली पावती घ्यावी आणि वजन त्याच्याशी ताडून पाहावे.

• कार्डातील प्रत्येकाची ई-केवायसी करून घ्यावी. 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवूनही ती होते. पाच वर्षांखालच्या मुलांना यातून सूट आहे.

• सलग सहा महिने धान्य उचलले नाही तर कार्ड तात्पुरते बंद होऊ शकते. कामासाठी बाहेर गेलात तर तिथल्या दुकानातून उचलत राहा.

• कामाने बोटे झिजली आणि अंगठा उठत नसेल तर डोळ्यांचे स्कॅन किंवा मोबाइलवरचा ओटीपी असे पर्याय मागावेत. केवळ अंगठा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, अशा केंद्राच्या सूचना ऑक्टोबर २०१७ पासून आहेत.

कार्ड येईपर्यंत मुलांच्या ताटाचे काय?

काही लाभांना रेशनकार्ड लागतच नाही. अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरपोच आहार आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ताजा शिजवलेला आहार मिळतो. गरोदर आणि स्तनदा मातांचीही तिथे नोंद होते. सासरच्या गावच्या अंगणवाडीत नाव असले तरी आताच्या गावच्या सेविकेला भेटून नोंद करून घ्यावी. सरकारी व अनुदानित शाळेत पहिली ते आठवीपर्यंत दुपारचे जेवण मिळते. शाळा सोडल्याचा दाखला यायला वेळ लागतो म्हणून मूल घरी बसवू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याअभावी प्रवेश अडवता येत नाही.

काम अडलं तर कुणाकडे जायचं?

तोंडी तक्रार टिकत नाही, लेखीच द्यावी. क्रम असा : पुरवठा निरीक्षक, तहसीलदार, जिल्हा पुरवठा अधिकारी, त्यानंतर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि शेवटी राज्य अन्न आयोग. फोनवर तक्रार करायची तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० हे विनामूल्य क्रमांक आहेत.

रेशनकार्डाची कामे लोकसेवा हक्क कायदा २०१५ खाली येतात. किती दिवसांत काम व्हायला हवे आणि अपील कोणाकडे करायचे, याचा फलक कार्यालयात लावलेला असला पाहिजे. मुदत टळली तर पोचपावती जोडून पहिले अपील करता येते. मंजूर धान्य मिळालेच नाही तर त्याबदल्यात अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे.

तहसीलला जाताना प्रत्येक कागदाच्या दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर तारीख, शिक्का व सही घेऊन ती घरी जपून ठेवावी. अपील करताना हाच कागद लागतो.