कणकेचा गोळा आणि खुद्री मासा

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मुळशीच्या जलाशयाकाठी गळ टाकून बसलेल्या माणसाच्या डब्यात डोकावलं, तर बहुधा कणकेचा घट्ट गोळा दिसतो. कुणी त्यात हिंग घालतं, कुणी बडीशेप, कुणी शेंगदाण्याची पेंड, कुणी चार थेंब तेल. प्रत्येकाचं प्रमाण निराळं, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. ही पाककला किती जुनी असावी, याचा माग काढत मी बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात जाऊन पोहोचलो.

राजा सोमेश्वर तिसरा ११२६ ते ११३८ या काळात गादीवर होता. त्याचा 'मानसोल्लास' आपल्याकडे ठाऊक आहे तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे. पण त्यातच 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. नदीतले आणि समुद्रातले मासे, गळाची काठी-दोरी, कोणत्या माशाला काय खाऊ घालावं, हे सारं राजाने हौसेनं सांगितलं आहे. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केला. पहिला खंड १९२५ साली निघाला. पुढे १९५१ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर लेख लिहिला. एकच खाऊ सगळ्या माशांना चालत नाही, हे राजाला पक्कं कळलं होतं.

'आमिष' म्हणजे मुळात मांस. गंमत अशी, की आपल्या नद्यांतला दांडगा महाशीर निरामिष आमिषालाही भुलतो! त्याला तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, आणि पाण्यात विरघळलेली चव-वास त्याला चटकन कळतात. तेल पाण्यात विरघळत नाही, तरंगतं. पेंडीतून मात्र प्रथिनांचे अंश हळूहळू पाण्यात उतरतात. त्यामुळे माझं मत विचाराल, तर नुसत्या सुगंधी तेलापेक्षा पेंडच भारी.

दख्खनच्या या महाशीरचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याचं वर्णन छापलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आणि 'खुद्री' हे नाव त्यांनी इथल्या बोलीतूनच उचललं. मुळशीतून उतरणाऱ्या मुळेचं हे पाणी. त्याच मुळेवर टाटांचं धरण बांधायला निघालं तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. जमिनी गेल्या, गावं बुडाली. माशांचा विचार तेव्हा कुणाच्या मनात येणार? पण अंडी घालायला पुराच्या पाण्यातून वर चढणाऱ्या माशाला धरणाची भिंत म्हणजे बंद दरवाजाच.

१९७० च्या दशकात टाटांच्याच लोणावळ्यातल्या वळवण केंद्रात या माशाची कृत्रिम पैदास साधली. मोठंच काम होतं ते. पिल्लं बाहेरच्या राज्यांतही गेली, कावेरीतही सोडली गेली. तिथे हौशी गळकरी नाचणीच्या पिठाचा शिजवलेला, मसाल्याचा गोळा लावून महाशीर धरत, नोंद करत आणि परत सोडून देत. त्यांच्या १९९८ ते २०१२ च्या वह्या अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा २०१५ साली एक वेगळंच चित्र पुढे आलं. गळाला येणाऱ्यांत आपल्या खुद्रीचं प्रमाण वाढत गेलं होतं, आणि कावेरीचा मूळचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महाशीर जवळपास दिसेनासा झाला होता. त्याला 'टॉर रेमादेवी' ही शास्त्रीय ओळख मिळाली ती २०१८ मध्ये. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला.