डोंगरउतारावरची सायकल: ब्रेक का तापतात, वाट का झिजते आणि वेगमर्यादा ताशी 24 किलोमीटरच का?

इन्स्टाग्रामवर एक प्रकारचा व्हिडिओ हमखास दिसतो. हेल्मेटवर लावलेला कॅमेरा, समोर एकदम खाली कोसळणारी मातीची वाट, दोन्ही बाजूंनी मागे पळणारी झाडं आणि हँडल घट्ट धरलेले हात. पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, ही सायकल थांबते तरी कशी?

माउंटन बायकिंगचा इतिहास, त्याची यंत्रं आणि त्यावरून होणारी भांडणं समजून घ्यायला हाच प्रश्न पुरेसा आहे. त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या डोंगरांत जावं लागतं. हा खेळ आज ज्या रूपात ओळखला जातो, ते रूप त्याला तिथेच मिळालं.

ग्रीस जाळणारा उतार

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गोल्डन गेट पूल ओलांडला की मरिन काउंटी लागते. तिथल्या फेअरफॅक्स या छोट्या गावाच्या पश्चिमेला पाइन माउंटनच्या अंगावरून एक कच्चा रस्ता खाली उतरतो. नकाशावर त्याचं नाव कॅस्केड फायर रोड. सायकलवाले मात्र त्याला 'रिपॅक' म्हणतात.

रस्त्याची लांबी साधारण 3.4 किलोमीटर आणि तेवढ्यात उतरण सुमारे 400 मीटर. पुण्याच्या लोकांसाठी सांगायचं तर वेताळ टेकडी शहरापासून जेवढी उंच आहे, त्याच्या दीडपटीहून जास्त. उताराची सरासरी काढली तर ती 12 टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे 100 मीटर पुढे गेल्यावर 12 मीटर खाली. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचा सर्वात तीव्र चढ 37 मीटरला 1 मीटर, म्हणजे 2.7 टक्के आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा गाड्यांना जादा इंजिनं लावावी लागतात. रिपॅक त्याच्या चौपटीहून तीव्र आहे, आणि हीसुद्धा सरासरीच. मधले काही टप्पे याहून बरेच उभे आहेत.

21 ऑक्टोबर 1976 रोजी इथे पहिली शर्यत झाली. सगळे एकदम सुटायचे नाहीत. प्रत्येकाला काही मिनिटांच्या अंतराने सोडायचं आणि खाली पोहोचल्यावर वेळ नोंदवायची, अशी पद्धत होती. चार्ली केली आयोजन बघायचा. गॅरी फिशर, जो ब्रीझ, अ‍ॅलन बाँड्स, वेंडी क्रॅग हे त्याच टोळक्यातले. पहिली शर्यत बाँड्सने जिंकली. सर्वात कमी वेळेचा विक्रम गॅरी फिशरच्या नावावर आहे, 4 मिनिटं 22 सेकंद. हिशेब केला तर सरासरी वेग ताशी 46 किलोमीटरच्या घरात जातो, तोही खडी, घळी आणि आंधळ्या वळणांच्या रस्त्यावर.

सायकली कुठल्या? 1930 आणि 40 च्या दशकांतल्या, भंगारात मिळणाऱ्या. श्विन कंपनीची एक्सेलसियर ही त्यातली सगळ्यांची आवडती. फ्रेम दणकट, टायर जाडजूड आणि वजन 20 किलोच्या आसपास. मडगार्ड, स्टँड असं जे जे काढता येईल ते काढून टाकायचं. या सायकलींना 'क्लंकर' म्हणत, म्हणजे आपल्याकडचा खटारा.

त्यांचा ब्रेक हँडलवर नव्हता. पायडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या हबमध्येच चाक आवळलं जायचं. हबच्या आत छर्रे आणि ग्रीस. उतार संपेपर्यंत हब एवढा तापायचा की ग्रीस जळून त्यातून धूर निघायचा. पुढच्या फेरीआधी हब खोलून नव्याने ग्रीस भरावं लागे. इंग्रजीत याला 'रिपॅक करणं' म्हणतात, आणि रस्त्याला नाव पडलं ते यावरूनच.

ही उष्णता येते कुठून?

70 किलोचा माणूस आणि 20 किलोची सायकल मिळून 90 किलो वजन 400 मीटर खाली आलं की साधारण 350 किलोजूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते. त्यातला काही भाग हवेच्या विरोधात जातो, काही टायर आणि मातीत. पण वेग ताब्यात ठेवायचा असेल तर मोठा वाटा ब्रेकलाच गिळावा लागतो. मुठीएवढ्या हबमध्ये चार-पाच मिनिटांत एवढी उष्णता कोंडली तर ग्रीस जळणारच.

डोंगरावरच्या सायकलीत नंतर झालेले बरेचसे बदल याच अडचणीतून आले. आधी हबऐवजी ड्रम ब्रेक आले, मग चाकाच्या रिमला पकडणारे ब्रेक. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून डिस्क ब्रेक रुळले. डिस्क चाकाच्या मध्यभागी, उघड्या हवेत असते. त्यामुळे ती लवकर थंड होते आणि रिमवरच्या चिखलाशी तिचा संबंध येत नाही. तरीही लांब उतारावर ब्रेक सतत हलका दाबून ठेवला तर पॅड गुळगुळीत होतात, हायड्रॉलिक ब्रेकमधलं तेल तापतं आणि लिव्हर हाताला मऊ लागायला लागतो. म्हणून जाणकार सांगतात, सरळ टप्प्यावर ब्रेक नीट दाबून वेग कमी करा, मग सोडा, त्याला थंड होऊ द्या. घाटात ट्रक उतरवणाऱ्या ड्रायव्हरला हे वेगळं सांगावं लागत नाही.

फ्रेमही बदलली. 1977 मध्ये जो ब्रीझने जुन्या फ्रेमची डागडुजी करत न बसता क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांपासून डोंगरासाठीच वेगळी सायकल बनवली. ती पहिली 'ब्रीझर' आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 1979 मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिची या कारागिराच्या फ्रेम घेऊन 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा सुरू केला आणि या प्रकाराला नाव मिळालं. 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होणारी माउंटन बाइक बाजारात आली. पुढे 15 वर्षांत, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ पदकांच्या यादीत होता.

उभ्या उतारावर शरीर काय करतं?

सपाटीवर सायकलस्वाराचं वजन दोन्ही चाकांमध्ये विभागलेलं असतं. उतारावर ते पुढच्या चाकाकडे सरकतं आणि ब्रेक लावला की आणखी सरकतं. सीटवर तसंच बसून राहिलात आणि पुढचा ब्रेक जोरात दाबलात तर मागचं चाक उचललं जातं आणि माणूस हँडलवरून पलीकडे पडतो. नवशिक्यांची ही नेहमीची पडण्याची तऱ्हा.

त्यावर उपाय म्हणजे सीटवरून उठायचं, पायडल जमिनीला समांतर ठेवायची, गुडघे आणि कोपरं सैल वाकवायची, कंबर खाली आणि गरजेपुरती मागे न्यायची. 'गरजेपुरती' हे महत्त्वाचं, कारण फार मागे गेलं तर पुढच्या चाकावरचा भार जातो, पकड सुटते आणि सायकल वळत नाही. आजच्या सायकलींत हँडलवरचं बटण दाबून सीट खाली नेता येते, ती याच कारणासाठी. पुढचा काटाही पूर्वीपेक्षा जास्त पुढे कललेला असतो.

बरेच जण घाबरून फक्त मागचा ब्रेक वापरतात. ते उलट धोक्याचं आहे. वजन पुढे असल्यामुळे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. हलकं झालेलं मागचं चाक लगेच जाम होतं आणि घसरत जातं. दोन्ही ब्रेकवर एकेक बोट आणि वळणाच्या आधी वेग कमी, हा साधा नियम. टायरमध्ये हवाही कमी ठेवतात. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलीत 80 ते 100 पीएसआय असते, तर इथे ट्यूबलेस टायरमध्ये 20 ते 28. मऊ टायर दगडावर बसतो, कडक टायर उसळतो.

थांबायला किती अंतर लागतं?

समजा सुट्या खडीवर टायरची पकड अशी आहे की वजनाच्या 40 टक्के इतकाच जोर ब्रेकला लावता येतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सपाटीवर साधारण 16 मीटरमध्ये थांबेल. 12 टक्के उतारावर त्यालाच 22 ते 23 मीटर लागतील. 25 टक्के उतारावर 42 मीटर. समोर काही दिसल्यापासून बोट ब्रेकवर दाबेपर्यंतचा एक सेकंद धरला, तर त्यात आणखी 11 मीटर मिळवायचे.

आता वळणाच्या पलीकडून एखादे आजोबा कुत्र्याला घेऊन वर येत आहेत, अशी कल्पना करा.

मरिन काउंटीत सायकलसाठी ताशी 15 मैल, म्हणजे 24 किलोमीटर वेगमर्यादा आहे आणि आंधळ्या वळणावर किंवा कोणाजवळून जाताना ताशी 5 मैल, म्हणजे 8 किलोमीटर. जंगलात वेगमर्यादा कसली, असं म्हणून अनेक सायकलस्वार तिची टर उडवतात. पण वरचाच हिशेब पुन्हा केला तर 12 टक्के उतारावर ताशी 24 च्या वेगाने ब्रेकिंगचं अंतर 8 मीटरवर येतं आणि ताशी 8 ला एक मीटरहून कमी. आकडे हवेतले नाहीत. पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट देण्याची जबाबदारीही सायकलवाल्याचीच आहे. घोडा मागून अचानक आलेल्या सायकलीला बिचकतो, हा तिथला रोजचा अनुभव, म्हणून हँडलला घंटी लावा असा आग्रह असतो.

मग भांडण कशावरून?

1980 च्या दशकात मरिनच्या माउंट टॅमल्पायस परिसरातल्या अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. ज्या डोंगरात हा खेळ वाढला, तिथेच त्याला मज्जाव. खाडीच्या पूर्वेला ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट नावाची 1934 मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक संस्था दोन काउंट्यांमध्ये 70 हून अधिक उद्यानं सांभाळते. टिल्डन, वाइल्डकॅट कॅन्यन ही तिचीच डोंगराळ उद्यानं. तिथेही सर्वसाधारण नियम असा की रुंद फायर रोड सायकलला खुले आणि अरुंद वाटा बंद. क्रॉकेट हिल्ससारखे काही अपवाद आहेत.

वरवर पाहता हा नियम शहाणपणाचा आहे, कारण रुंद रस्त्यावर सगळ्यांना जागा मिळते. पण फायर रोड कसे बनले हे पाहिलं की त्यातली मेख कळते. वणवा लागला की बंब लवकर वर जावा म्हणून हे रस्ते बुलडोझरने डोंगराच्या सोंडेवरून थेट वर काढलेले असतात. त्यामुळे ते उभे, सरळ आणि मोकळे. अरुंद पायवाट डोंगराच्या कुशीतून आडवी, वळणं घेत जाते. तिथे वेग आपोआप कमी राहतो. म्हणजे नियमाने सायकली अशा जागी आणून ठेवल्या, जिथे त्या सर्वात जोरात पळतात. अरुंद वाटेवर समोरासमोर आल्यावर बाजूला व्हायला जागा नसते, ही चालणाऱ्यांची तक्रारही तितकीच खरी. त्यामुळे चाळीस वर्षांनंतरही हा वाद मिटलेला नाही.

आणि मातीचं काय?

सायकली डोंगर खराब करतात, हा दुसरा आरोप. 1994 मध्ये जॉन विल्सन आणि जोसेफ सेनी यांनी मोंटाना राज्यातल्या डोंगरवाटांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी सायकलच्या चाकांपेक्षा जास्त माती सुटी केल्याचं दिसलं. घोड्यांचा वाटा सर्वात मोठा होता. मात्र यावरून सायकलवाल्यांनी कॉलर ताठ करायचं कारण नाही. फिरणारं चाक वेगळं आणि जाम होऊन घसरणारं चाक वेगळं. घसरणारं चाक मातीत चर पाडतं आणि पुढच्या पावसात पाण्याला तयार वाट मिळते.

खरा गुन्हेगार पाणीच आहे. उतारावरून सरळ खाली येणाऱ्या वाटेत पाणी शिरलं की ती ओढा होते. सह्याद्रीत एका पावसाळ्यात पायवाटेची घळ झालेली कोणीही पाहिली असेल. 1988 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच सायकल क्लबांनी मिळून आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन स्थापन केली. वाट कशी आखावी याचे तिने रुजवलेले ठोकताळे आज जगभर वापरले जातात. वाटेचा उतार डोंगराच्या अंगाच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, सरासरी 10 टक्क्यांच्या आत राहावा, बाहेरची कड किंचित खाली असावी आणि ठरावीक अंतरावर वाटेने थोडा चढ घ्यावा म्हणजे पाणी तिथेच बाहेर पडतं. असा चढ आला की सायकलचा वेगही मोडतो. पावसानंतर वाट ओली असेल तर वाळेपर्यंत सायकल काढायची नाही, हा शिष्टाचार मात्र कुठल्याही आराखड्यात बसत नाही. तो पाळावा लागतो.

रिपॅकवरच्या शर्यती 1984 नंतर झाल्या नाहीत. फेअरफॅक्समध्ये 2015 पासून सायकलचं संग्रहालय आहे आणि माउंटन बाइक हॉल ऑफ फेमही तिथेच. तो रस्ता आजही सायकलींना खुला आहे, ताशी 24 किलोमीटरच्या मर्यादेत. गॅरी फिशरने विक्रम केला तेव्हाचा त्याचा सरासरी वेग या मर्यादेच्या जवळपास दुप्पट होता.