तापलेली माती : यार्देनच्या खोऱ्यातून थंड देशांकडे

(प्रार्थनालयाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. त्याच कोकणात भाताची रोपे टाकण्यापूर्वी पालापाचोळा, टहाळ आणि शेण पसरून जमीन भाजण्याची रीत होती, ती मात्र सांगायची राहून जाते. त्याला राब म्हणत. भाजलेल्या तुकड्यात तण कमी उगवते, हे शेतकऱ्याला पुस्तकावाचून ठाऊक होते. घाटावर उन्हाळी नांगरट करून ढेकळे उन्हात तापू देत, त्यामागचा एक हेतूही हाच. या देशाच्या दक्षिणेत भाजीपाल्याच्या शेतांवर मी अनेक वर्षे काम केले. तिथे ‘खिटुय सोलारी’, म्हणजे उन्हाने मातीचे शुद्धीकरण, प्रथम पाहिले तेव्हा मला राबच आठवला. फरक एवढाच की इथे जाळायचे काही नव्हते.

ही पद्धत जन्मली ती यार्देनच्या खोऱ्यात. समुद्रसपाटीखालच्या त्या खोऱ्यात तम्मूज आणि आव महिन्यांत भर दुपारी उभे राहणे कठीण असते. प्लॅस्टिकच्या कागदाखालची माती विलक्षण तापते, हे १९७० नंतरच्या काळात तिथल्या शेतकऱ्यांच्या आणि शेती-मार्गदर्शकांच्या ध्यानात आले. हिब्रू विद्यापीठाच्या रेहोवोत येथील कृषी विद्याशाखेतील याकोव काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या निरीक्षणाची रीतसर परीक्षा केली आणि १९७६ साली आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. मूळ सूचना शेतातून आली, हे काटान यांनी लपवले नाही. विद्वानांच्या जगात हे दिसते तितके सामान्य नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

कृती साधी आहे. जमीन भुसभुशीत व सपाट करायची, भरपूर पाणी द्यायचे, पातळ पारदर्शक कागद मातीला चिकटेल असा अंथरायचा, कडा पुरायच्या आणि ऐन उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे त्याला हात लावायचा नाही. कागद पारदर्शकच हवा. काळा कागद ऊन स्वतःच शोषतो. पारदर्शक कागद ते मातीपर्यंत जाऊ देतो आणि उष्णता व ओल अडवून धरतो. ओलीशिवाय काम होत नाही, कारण ओली माती उष्णता खोलवर नेते आणि भिजलेले बी कोरड्या बियापेक्षा लवकर मरते. वरच्या काही इंचांत तापमान ५० अंशांच्या आसपास जाते. एका दिवसाच्या तापाने न मरणारे बी रोजच्या तापाने मरते.

पहिले प्रयोग बुरशीजन्य रोगांसाठी होते. वांगी आणि टोमॅटो मर रोगाने वाळत होते. तणांचा प्रश्न लगेच मागून आला, आणि त्यांतले सर्वांत दुष्ट तण म्हणजे ‘अलेकेत’. निपाणी-कोल्हापूरकडे तंबाखूच्या मुळांवर वाढणाऱ्या याच कुळातल्या तणाला बंबाखू म्हणतात. त्याला हिरवे पान नसते. ते पिकाच्या मुळाला चिकटून जगते आणि जमिनीबाहेर डोके काढते तोवर पिकाचे नुकसान होऊन गेलेले असते. एकेक झाड धुळीसारखे हजारो बी टाकते, आणि ते बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. अशा तणाला उपटून काय होणार? १९८० साली इथल्या संशोधकांनी दाखवून दिले की तापवलेल्या जमिनीत अलेकेत आटोक्यात येते.

तरीही बहुतेक शेतकरी दुसऱ्याच उपायाकडे गेले. मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू काही दिवसांत जमीन मोकळी करून देई, तर ऊन अख्खा उन्हाळा मागे. भाड्याच्या जमिनीवर कर्ज काढून पेरणाऱ्याला सहा आठवडे जमीन रिकामी ठेवणे परवडत नाही. त्याला आळशी किंवा अडाणी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. ब्रोमीन आपल्याच मृत समुद्रातून निघत होते, आणि डिमोनाहून तिकडच्या कारखान्यांत जाणाऱ्या बसमध्ये मराठीही ऐकू येई. पुढे ओझोनच्या थराला धोका म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली विकसित देशांना हा वायू बंद करण्यासाठी २००५ ही मुदत मिळाली, तेव्हा उन्हाची किंमत सर्वांना कळली.

पण ऊन सर्वत्र सारखे नसते. इंग्लंडातले आपले नातलग परसातल्या वाफ्यावर पारदर्शक कागद घालतात, आणि महिन्याभराने त्याखाली तणाचे हिरवेगार रान माजलेले पाहतात. माती पुरेशी तापली नाही, तर तोच कागद तणाला ऊबदार घर देतो! थंड देशांत पद्धत जशीच्या तशी नेऊन भागत नाही. जपानमध्ये नारा प्रांतातील स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्यांसाठी उन्हाळ्यात प्लॅस्टिकगृह बंद ठेवून आतली माती तापवण्याची रीत बसवली गेली. अमेरिकेत ओरेगनच्या रोपवाटिकांत दवाचे थेंब न धरणारा खास कागद वापरून पाहिला, कारण थेंब ऊन परतवतात. जिथे हेही जमत नाही तिथे काळा जाड कागद बरा. तो तणाला तापवून नव्हे, तर उजेडावाचून उपाशी ठेवून मारतो, आणि त्याला अधिक वेळ लागतो.

लव्हाळ्याला मात्र यातले फारसे काही बाधत नाही. त्याच्या गाठी खोल असतात, तापाच्या पलीकडे. आणि कागद काढल्यावर नांगर खोल घालायचा नाही, फक्त वरची माती हलवायची. नाहीतर खालचे जिवंत बी वर येते. घाटावरच्या शेतकऱ्याला हे पटवणे अवघड जाईल.