अर्ध्या चौकटीचा जमाखर्च

छायाचित्रणाचा इतिहास लिहिणारे बहुधा भिंगांचा आणि रसायनांचा इतिहास लिहितात. ज्या फितीवर हा सारा व्यवहार चालला तिच्या किमतीचा हिशेब कोणी फारसा मांडीत नाही. आणि माझ्या अल्पमतीस असे वाटते की, निदान 35 मिलिमीटरच्या फितीपुरता तरी तो हिशेब मांडल्यावाचून, जून 2024 मध्ये जपानच्या रिको कंपनीने पेंटॅक्स 17 हा फिल्मचा नवा कोरा कॅमेरा बाजारात का आणला, आणि आणताना त्याची चौकट अर्धीच का ठेवली, याचा उलगडा व्हावयाचा नाही.

ही फीत मुळात चलच्चित्रांसाठी जन्मास आली. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या सहायकाने 1892 च्या सुमारास ईस्टमनच्या सेल्युलॉइडचा रुंद पट्टा उभा चिरून तिची रुंदी 35 मिलिमीटर ठरविली, दोन्ही कडांना भोके पाडली आणि दर चार भोकांना एक चित्र असा दंडक घालून दिला. त्या चित्राचे माप सुमारे 18 गुणिले 24 मिलिमीटर. भोकांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर भोके पाडण्याचे यंत्रही घेऊन आले. कारण कच्ची फिल्म बिनभोकांची येई. दादरच्या त्या घरात संसाराची कामे आटोपल्यावर अंधारात ही भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. त्यांचा हात एखाद्या रात्री चुकता तर पडद्यावरचा हरिश्चंद्र सत्त्वपरीक्षेआधीच थरथरू लागला असता!

वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यातील ओस्कार बार्नाक या कारागिरास दम्याचा विकार होता, आणि डोंगरात फिरताना त्या काळच्या कॅमेऱ्याच्या काचेच्या पट्ट्यांचे ओझे वाहणे त्यास झेपत नसे. त्याने सिनेमाची फीत आडवी धावविली, दोन चित्रांची जागा एका चित्रास दिली, आणि 24 गुणिले 36 चे माप सिद्ध केले. पहिला नमुना 1914 चा. लायका या नावाने तो लाइपझिगच्या जत्रेत आला 1925 साली. आज ज्या मापास लोक मोठ्या आदराने ‘फुल फ्रेम’ म्हणतात ते असे सिनेमाच्या चौकटीची दुप्पट आहे. म्हणजे ज्यास ‘हाफ फ्रेम’ म्हणून हिणविले जाते तेच मूळचे पूर्ण, हा मालकी हक्काचा मामला कोणी दिवाणी कोर्टात नेला असता तर निकाल अर्ध्या चौकटीच्याच बाजूने लागता.

या चौकटीस पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली ती योशिहिसा माइतानी यांनी. ऑलिंपस कंपनीत ते 1956 मध्ये रुजू झाले, तेव्हा बरा म्हणावा असा कॅमेरा जपानी पगारदाराच्या आवाक्याबाहेर होता. 6,000 येनांत विकता येईल असा कॅमेरा करावयाचा ही त्यांची प्रतिज्ञा. एवढ्या पैशात सर्व अंगे उत्तम होणे शक्य नाही, हे ओळखून त्यांनी खर्च आधी भिंगावर केला आणि उरलेल्यात बाकीचे भागविले: फीत पुढे सरकविण्यास खटक्याऐवजी अंगठ्याने फिरवावयाचे साधे दातेरी चाक, आणि चित्र अर्धे, म्हणजे 36 च्या रोलात 72. घरच्याच कारखान्यात वरिष्ठांना ते खेळणे वाटले. परंतु 1959 मध्ये ‘पेन’ हे नाव घेऊन ते बाहेर पडले आणि खिशातल्या लेखणीप्रमाणेच लोकांनी ते जवळ केले. भिंगावर पैसा खर्चून चाकावर वाचविणारा हा मनुष्य मला लायकाच्या साऱ्या वैभवापेक्षा अधिक मोठा वाटतो.

आपल्याकडेही काटकसरीचे हे शास्त्र घरोघर पाळले जाई. आगफाच्या क्लिक थ्रीमध्ये रोलाला 12 फोटो. त्यांत गणपती, मुंज आणि दिवाळी बसवावयाची, आणि ‘वाया घालवू नकोस’ ही आज्ञा फोटो काढणाऱ्याच्या कानात सदैव घुमत असे. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना निघाला आणि ‘इंदू’ची फिल्म दुकानांत दिसू लागली, तरीही ती आज्ञा सैल झाली नाही.

मी स्वतः एका मावसभावाच्या लग्नात उसन्या कॅमेऱ्याने मोठ्या तोऱ्यात फोटो काढले. आकडा 36 च्या पुढे गेला तरी खटका मुकाट चालतच राहिला, तेव्हा पोटात गोळा आला. फितीचे टोक रिळाच्या खाचेत अडकलेच नव्हते. डार्करूममधून रोल धुऊन आला तो कोरा करकरीत. डावीकडची उलट गुंडाळण्याची मूठ प्रत्येक खटक्यासरशी फिरते की नाही हे पाहावे, ही अक्कल मला त्या दिवशी आली.

पुढे डिजिटल कॅमेऱ्यांनी फिल्मला मागे सारले, हे सर्वांस ठाऊक आहे. जानेवारी 2012 मध्ये कोडॅकने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, आणि 2020 मध्ये निकॉनने एफ 6 हा आपला फिल्म कॅमेरा बंद केला. पण ज्यांच्या लहानपणी फिल्म जवळजवळ नामशेष झाली होती अशी तरुण मंडळीच जुने कॅमेरे धुंडाळू लागली, त्यांचे भाव चढले, आणि जुनी यंत्रे तर दिवसेंदिवस झिजणारच; दुरुस्त करणारे हातही थोडेच उरलेले. डिसेंबर 2022 मध्ये रिकोने नव्या फिल्म कॅमेऱ्याची योजना जाहीर केली, तेव्हा हाताने ओढावयाचा खटका कसा घडवावा हे जाणण्यासाठी जुने नकाशे आणि जुने अभियंते यांस शरण जावे लागले. मोटर बसविणे सोपे होते. खटक्याचा हट्ट बुद्ध्याच धरला. चौकट 17 गुणिले 24 ची, नाव त्यावरूनच. फीत आडवी धावत असल्याने अर्धी चौकट आपोआप उभी होते. माइतानींच्या काळी ती अडचण होती, आज फोन उभा धरून वाढलेल्या पिढीस तीच सोयीची वाटते. आणि रोल महाग झाल्याने 72 फोटोंचा हिशेबही पुन्हा कामास आला.

माझ्या भाचीने असा एक कॅमेरा घेतला आहे. पाडव्याला तिने त्यात रोल भरला. आता गणपतीही पोहोचवून झाले. परवा ती माझा फोटो काढीत असता मी चेहरा सावरण्याऐवजी मान वाकडी करून कॅमेऱ्याची डावी बाजू पाहत होतो. तिने खटका ओढला, डावीकडची मूठ हळूच फिरली.

“धुवायला कधी देणार?” मी विचारले.

“अजून एकवीस बाकी आहेत, मामा,” ती म्हणाली, आणि कॅमेरा पिशवीत टाकून निघून गेली.